काटकसरीच्या खुणा

लोखंडी रंधा हाती आला की मी आधी त्यावरचे नाव वाचत नाही. पाते ज्याच्यावर टेकते, त्या तिरप्या तुकड्याच्या पाठीमागे बोट घालतो. इंग्रजीत या तुकड्याला फ्रॉग म्हणतात, म्हणजे बेडूक, आणि तळावर दबा धरून बसलेला तो तुकडा दिसतोही तसाच. त्याच्या मागे, तळाला लागून, एक बारीक आडवा स्क्रू बोटाला लागला, तर रंधा वरच्या श्रेणीचा असण्याची शक्यता मोठी. जागा रिकामी लागली, तर तो बहुधा काटकसरीत बनवलेला. त्या स्क्रूने फ्रॉग केसभर पुढेमागे सरकवता येतो आणि रंध्याचे तोंड लहानमोठे करता येते. तो नसला तरी रंधा चालतोच. मग तेच काम हाताने, अंदाजाने, दोनतीनदा चुकून करावे लागते, एवढेच.

मी कनेटिकटमध्ये राहतो. एखाद्या घरातला म्हातारा माणूस गेला की वर्षभरात त्याचे तळघर रिकामे होते. शनिवारी सकाळी अंगणात टेबले लागतात. काचेची भांडी पुढे, पुस्तके त्यांच्यामागे आणि अवजारे सर्वांत शेवटी, बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीवर. त्या खोक्यांपाशी मी बसतो. अमेरिकेतले निम्मे रंधे जणू याच राज्यात जन्मले. स्टॅन्लीचे कारखाने न्यू ब्रिटनमध्ये, सार्जंटचे न्यू हेवनमध्ये, आणि वर मॅसॅच्युसेट्समध्ये मिलर्स फॉल्स. त्यामुळे इथल्या तळघरांत रंधा निघतो तो आपल्याकडच्या माळ्यावर पाटा-वरवंटा निघावा तसा. त्यात कुणाला नवल वाटत नाही.

चांगल्या रंध्यांचा कुलवृत्तान्त तयार आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो, कारण आपल्या घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तान्त ज्यांनी चाळले आहेत त्यांना इथल्या संग्राहकांची पुस्तके परकी वाटणार नाहीत. मूळ पुरुष बॉस्टनचा लिओनार्ड बेली. पाते खालीवर करण्याच्या आणि पाते पकडून ठेवण्याच्या युक्त्यांवर त्याने १८५८ आणि १८६७ साली पेटंटे घेतली. १८६९ मध्ये स्टॅन्लीने त्याचा धंदा विकत घेतला. तिथून पुढे पिढ्या लागतात. स्टॅन्लीच्या बेली रंध्याचे वीस प्रकार मानले आहेत आणि प्रत्येक प्रकाराला सालांची चौकट आहे. १९०२ चे पेटंट तळावर कोरलेले दिसले की एक चौकट. पात्यावर हृदयाच्या आकारात ‘एस डब्ल्यू’ ही अक्षरे दिसली की १९२० नंतरची दुसरी. ते हृदय म्हणजे कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरचा श्लेष. वरच्या दाबपट्टीचे भोक किल्लीच्या भोकासारखे असले तर १९३३ च्या आधीचा, मूत्रपिंडासारखे असले तर नंतरचा. रॉजर स्मिथ यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पेटंट रंध्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यानंतर हे शास्त्र पक्के झाले. या घराण्यातले शेंडेफळ म्हणजे एक नंबरचा रंधा. लांबी साडेपाच इंच, मुठीत मावेल असा. आज तो हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि म्हणून त्याच्या नकलाही निघतात.

पण पुठ्ठ्याच्या खोक्यात एक नंबर निघत नाही. निघतात ते दुसरे: डिफायन्स, व्हिक्टर, फोर स्क्वेअर, हँडीमन, हर्क्युलिस, मोहॉक-शेलबर्न, डनलॅप, फुल्टन, लेकसाइड. ही त्याच कारखान्यांची स्वस्त मालिका. तिचा कुलवृत्तान्त जवळपास कुणीच लिहिलेला नाही. स्वस्त मालाच्या नोंदी ठेवाव्यात असे कारखान्यालाही वाटले नाही आणि संग्राहकांनाही. म्हणून इथे ओळख पटवायची ती अंगाखांद्यावरून. कपाळावर नाव असले तरी त्यावर विसंबता येत नाही.

नावांचीच गोष्ट बघा. ‘व्हिक्टर’ हे नाव स्टॅन्लीचे नव्हते. लिओनार्ड बेलीचे स्टॅन्लीशी बिनसले, तो बाहेर पडला आणि १८७० च्या दशकात हार्टफर्डमध्ये त्याने स्वतःचे नवे रंधे काढले, त्यांना ‘व्हिक्टर’ म्हटले, म्हणजे विजेता. प्रकरण कोर्टात गेले, आणि पुढच्या दशकात व्हिक्टरही स्टॅन्लीच्या पोटात गेला. ‘डिफायन्स’चे तेच. ऱ्होड आयलंडमधल्या वून्सॉकेट गावी सेल्डन बेली नावाच्या दुसऱ्या एका बेलीच्या कंपनीचे रंधे या नावाने निघत. १८८० मध्ये स्टॅन्लीने ती कंपनी घेतली. दोन्ही नावे पन्नासेक वर्षे पडून राहिली. मग १९३० च्या दशकात स्वस्त मालाला नावे हवी होती, तेव्हा ती बाहेर काढली गेली. ‘विजेता’ आणि ‘आव्हान’ ही हरलेल्यांची निशाणे स्वस्त बीडावर छापली गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असे कुणी म्हणेल. मला ती म्हण इथे लावावीशी वाटत नाही, कारण नावात खोट असली तरी वाळा कथलाचा नव्हता. तो होता साध्या लोखंडाचा, आणि लोखंड काय करू शकते हे त्याच्या रंगावर ठरत नाही.

आता त्या काटकसरीकडे जवळून पाहू, कारण खरी मौज तिथे आहे. चार नंबरचा बेली आणि १२०४ नंबरचा डिफायन्स शेजारी ठेवावेत. आकड्यातच नाते आहे: तीन, चार, पाच यांचे गरीब भाऊ १२०३, १२०४, १२०५. दोन्ही नऊ इंचांच्या घरातले. दोन्हींत पाते ४५ अंशांत झुकलेले, कारण तो कोन लाकूड ठरवते, किंमत नाही. मग स्वस्ताई आली कुठून?

आधी मुठी. बेलीच्या मुठी ब्राझीलच्या शिसवाच्या, हाताच्या घामाने आणखी काळ्याभोर होत गेलेल्या. स्वस्त रंध्याच्या मुठी साध्या कठीण लाकडाच्या, वर गडद रंग. अंगठ्याच्या बेचक्यात तो रंग उडून खालचे पांढरट लाकूड दिसू लागते. स्वस्त रंधा खोक्यातून लांबूनच ओळखू येतो तो या पांढऱ्या चंद्रकोरीमुळे. मग पाते तिरके झाले तर सरळ करणारी दांडी. चांगल्या रंध्यात तिच्या टोकाला एक छोटी गोल चकती बसवलेली असते. ती पात्याच्या खाचेत फिरते, म्हणून दांडी लोण्यातून चालावी तशी चालते. स्वस्त रंध्यात चकती नाही. पत्र्याची दांडी, तिचेच टोक दुमडून वळवलेले. काम तेच, पण घासत, थोडे अडखळत. पाते खालीवर करणारी बेचकी चांगल्यात एकसंध ओतलेली, स्वस्तात अनेकदा पत्र्याचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून केलेली. आणि सगळ्यांत मोठी काटकसर अशा जागी की जी दुकानात दिसतच नाही: फ्रॉग आणि तळ जिथे एकमेकांना भेटतात ती बैठक. चांगल्या रंध्यात ती यंत्रावर घासून सपाट केलेली. स्वस्तात थोडीच घासलेली, कधी ओतली तशीच, कधी तर तिच्यावर रंगसुद्धा तसाच. दोन खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात ते चार उंचवट्यांवर. म्हणून कठीण गाठ आली की पाते थरथरते आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात.

या यादीकडे मी बराच काळ उणिवांची यादी म्हणूनच बघत होतो. आता ती मला एका हिशेबाची वही वाटते. कुणीतरी न्यू ब्रिटनमधल्या टेबलावर बसून एकेका भागापुढे विचारले असणार: हे काढले तर चालेल का? चकती काढली तर चालेल. शिसव काढले तर चालेल. ४५ अंश? तिथे हात लावता येणार नाही. पात्याचे पोलाद? माझ्याकडच्या अनेक स्वस्त रंध्यांची पाती अजून उत्तम धार धरतात, तेव्हा तिथेही कुणी हात आखडला नव्हता. काटकसर आणि कंजुषी यांत आपली भाषा फरक करते. काटकसर करणारी बाई कशात हात आखडायचा आणि कशात नाही हे जाणते. कंजूष सगळीकडेच आखडतो. स्वस्त रंधा ओळखणे म्हणजे बनवणाऱ्याने यांतले काय केले ते भागाभागावर वाचणे.

पण त्या वहीत एक रक्कम लपलेली आहे आणि ती मला सारखी टोचते. बैठक न घासल्याने वाचलेला वेळ नाहीसा झाला नाही. तो वेळ रंधा विकत घेणाऱ्याच्या खात्यावर गेला. कारखान्यात यंत्रावर जे काम चुटकीसरशी झाले असते, ते घरी एखाद्याच्या संध्याकाळी खाऊन गेले, किंवा कधी झालेच नाही आणि आयुष्यभर त्या माणसाला वाटत राहिले की आपला हातच वाकडा आहे. स्वस्त अवजाराने आणलेला हा न्यूनगंड किती तळघरांत मुरला असेल याचा विचार मी अनेकदा करतो. काम वाकडे होते तेव्हा माणूस अवजाराला दोष देत नाही, स्वतःलाच देतो, कारण चांगले अवजार कसे चालते हे त्याने पाहिलेलेच नसते.

आणि घेणारा कोण होता? फोर स्क्वेअर मालिका १९२३ ची, घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यासाठी. तेव्हा दिवस बरे होते. पण डिफायन्स आणि व्हिक्टर ज्या दशकात दुकानांत मांडले गेले ते मंदीचे. १९३३ मध्ये या देशात कामकरी माणसांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. दार अडकते, पण सुताराला बोलवायला पैसे नाहीत. अशा घरात हा रंधा आला. तो धंदेवाईक सुताराचा नव्हता, बेकार मेकॅनिकचा होता, शाळामास्तरचा होता, नुकत्याच आलेल्या पोलिश किंवा इटालियन कामगाराचा होता.

आपल्याकडे मात्र आमच्या घरी सुतार यायचा तो जोडणारा आणि तासणारा असा कसलेला माणूस. ‘रंधा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इथल्या मातीत इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे सांगावे लागते. आमच्या सुताराच्या रंध्याचे पाते तेवढे बाजारातले होते. लाकडी अंग त्याने स्वतः घडवलेले, पाचरही स्वतःची. तोंड मोठे झाले की तो तळाला नवा तुकडा बसवी. त्याच्या अवजारात काटकसर कुणी दुसऱ्याने केलेली नव्हती, आणि केलीच असली तर ती त्याने स्वतः, जाणूनबुजून केली होती. मागे वळून बघताना मला हा फरक मोठा वाटतो. खंडेनवमीला तो वाकस, पटाशी, गुण्या आणि रंधा एका ओळीत मांडून हळदकुंकू वाही. त्या ओळीत उंची अवजार कोणते आणि हलके कोणते असा प्रश्न नव्हता, कारण सगळ्यांवर त्याचाच हात फिरला होता.

युद्धाने मात्र एक विलक्षण गोष्ट केली. १९४२ ते १९४५ या काळात पितळ आणि निकेल शस्त्रांकडे वळले. स्टॅन्लीच्या वरच्या श्रेणीच्या रंध्यांतूनही पाते खालीवर करणारे पितळी चाक गेले, त्या जागी पोलाद किंवा कडक रबर आले. शिसव गेले, रंगवलेले साधे लाकूड आले. निकेलचा मुलामा गेला. कित्येकांच्या फ्रॉगमागचा तो स्क्रूही गेला. म्हणजे कुलीन रंधा तीन-चार वर्षे स्वस्त रंध्याच्या कपड्यांत वावरला. फक्त बीड जाड झाले, अंग भरदार झाले. आज हेच युद्धकालीन रंधे संग्राहक आवडीने घेतात. जे एकात उणे मानले ते दुसऱ्यात इतिहास ठरले. शिवाय फ्रॉगमागचा स्क्रू १९०७ च्या आसपास आला, त्याआधीच्या उत्तम रंध्यांतही तो नाही. माझे बोट रिकाम्या जागेत गेले तरी निवाडा लगेच होत नाही तो यामुळेच. गैरहजेरी कोणत्या कारणाने आहे हे विचारावे लागते: अजून सुचले नव्हते म्हणून, परवडले नाही म्हणून, की युद्ध होते म्हणून?

हे शिकण्याची फी मी भरली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याने मला ‘जुना बेली’ म्हणून एक रंधा दिला. दाबपट्टीवर स्टॅन्लीचे नाव, पुढची मूठ शिसवाची, पाते जुने. मी आनंदाने मोठी किंमत मोजली. घरी उघडल्यावर कळले की अंग एका हलक्या मालिकेचे आणि वरचे अवयव दुसऱ्या कुणाचे. रागाने मी तो कोपऱ्यात टाकला. कित्येक महिन्यांनी पुन्हा उचलला तेव्हा लक्षात आले की ही जोडतोड बहुधा विक्रेत्याच्याही आधीची. मुठीच्या बोल्टाला वेगळे आटे पाडून बसवले होते, आणि ते काम विकण्यासाठी केलेले नव्हते, वापरण्यासाठी केलेले होते. कुणीतरी मोडक्या चांगल्या रंध्याचे अवयव आपल्या स्वस्त रंध्याला लावून त्याला बढती दिली होती. मला फसवले गेले हे खरेच, पण त्या रंध्याने मला फसवले नव्हते.

दुकानांच्या नावाचे रंधे हा तर वेगळाच चक्रव्यूह. सीअर्सने ‘क्राफ्ट्समन’ हे नाव १९२७ मध्ये विकत घेतले. त्याखालच्या पायरीचा माल ‘डनलॅप’ म्हणून विकला, तेही त्यांच्याच अवजारांच्या खात्यातल्या एका वरिष्ठाचे आडनाव. पण सीअर्सचा स्वतःचा रंध्यांचा कारखाना नव्हता. आज सार्जंट, उद्या मिलर्स फॉल्स, असा माल येई. तेव्हा डनलॅप हातात आला की विचारायचे, तू घरचा कोणाचा? सार्जंट आकार लांबीवरून मोजत, त्यांचा ४०९ म्हणजे नऊ इंच. मिलर्स फॉल्सही तसेच, त्यांचा नऊ नंबर म्हणजे नऊ इंच, चौदा म्हणजे चौदा. मिलर्स फॉल्सच्या चांगल्या रंध्यांची दाबपट्टी दोन तुकड्यांची, सांध्यात हलणारी, पात्याला तीन ठिकाणी दाबणारी. मोहॉक-शेलबर्न या त्यांच्या स्वस्त मालिकेत ती साधी एकसंध. नाव मात्र त्यांनी जवळचे निवडले: मोहॉक ट्रेल हा कारखान्याशेजारून डोंगरात चढणारा रस्ता आणि शेलबर्न फॉल्स हे त्यावरचे गाव. मला ही नावे व्हिक्टरपेक्षा प्रामाणिक वाटतात.

आणि सगळ्यांत साधा तो ११० नंबरचा. हातात मावणारा, तुकड्यांच्या टोकांवर चालवायचा छोटा रंधा. त्यात पाते खालीवर करणारे काहीच नाही. हातोडीने हलकेच ठोकून बसवायचे, आपल्या लाकडी रंध्याला ठोकतो तसे. १८७० च्या दशकापासून जवळजवळ शतकभर तो बनत राहिला, इतका की त्याला कुणी विचारीत नाही. पण त्याच्या पहिल्या घडणीत दाबपट्टीवर बुटाच्या बकलासारखी नक्षी होती, आणि ती नक्षी असलेला ११० आज दुर्मीळ, किंमतही तशीच. गरिबाचा पणजोबा श्रीमंत निघावा तसे.

गेल्या वसंतात न्यू ब्रिटनजवळच्याच एका अंगणातून मी काही डॉलरला एक गंजलेला रंधा आणला. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले. सकाळी ब्रश फिरवला तसे करड्या पोलादातून अक्षरे वर आली, आधी ‘डी’, मग ‘एफ’, मग अख्खे डिफायन्स. मागची मूठ मूळची नव्हती. कुणीतरी ती घरच्या लाकडातून चाकूने कोरली होती, कानसेच्या खुणा अजून होत्या. आणि ती एका बाजूला किंचित जास्त खोलगट होती. मी धरली तर बोटे बसेनात. डाव्या हातात घेतली तेव्हा बरोबर बसली. डावरा माणूस. कारखान्याने कुणासाठीच न घडवलेली मूठ त्याने स्वतःसाठी घडवली होती.

फ्रॉग काढला. बैठक जशी ओतली तशीच, वर काळ्या रंगाचा थर. इतके सगळे करणाऱ्या त्या माणसाने हे मात्र केले नव्हते. किंवा इथेच खोट आहे हे त्याला कळले नसावे. फळीवर खूप गाठी असल्या की त्याचा रंधा थरथरत असणार, आणि तो पाते पुन्हा पुन्हा धार लावायला काढत असणार. पाते धार लावून लावून अर्ध्या इंचाने आखूड झाले होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले. आधी पटाशीने रंग खरवडला, मग बारीक कानस घेतली. चार चाली, की फ्रॉग टेकवून बघायचा, मेणकाजळीचा डाग कुठे लागतो ते पाहायचे, पुन्हा चार चाली. उंचवटे एकेक करून खाली येत गेले. बायको दोनदा येऊन चहा ठेवून गेली. दोन्ही वेळा तो थंड झाला. तासाभराने डाग सगळीकडे सारखा लागला. बीड पहिल्यांदाच उजेडात आले होते, राखाडी आणि चकचकीत.

फ्रॉग बसवला, स्क्रू आवळले, पाते घातले. फणसाच्या जुन्या पाटाचा एक तुकडा शिकंज्यात धरला, गाठीची बाजू वर. रंधा डाव्या हातात घेतला आणि गाठीवरून पुढे ढकलला. तो थरथरला नाही.